मृणालताईंच्या अक्षता

ऑफिसचा कॉम्प्युटर आपणच मारला, हे मृणालताईंनी मोकळेपणी कबूल केलं. वधूवर मंडळ चालवणारी बाई ती. दसऱ्याला मशीनची पूजा करताना सवयीने मूठभर अक्षता उधळल्या आणि त्या जाळीतून थेट आतल्या पंख्यात गेल्या. आता रविवारी मेळावा, आणि नव्या कॉम्प्युटरसाठी मंजूर झालेले अवघे वीस हजार.

दुकानदार पोफळेशेठ त्यांना रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या सत्तर हजारांच्या मशीनपाशी घेऊन गेले. "ऑफिस म्हटलं की एवढं लागतंच, ताई. वीस हजारांत जुनं मिळतं, ते चार महिन्यांत मान टाकतं."

ताईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या नुसत्या दुकानाच्या गल्ल्याकडे बघत बसल्या. तिथे शेठची बायको चिकटपट्टी लावलेल्या एका जुनाट कॉम्प्युटरवर खटाखट बिलं करत होती.

"हा किती वर्षं चालतोय हो?"

"आठ. घेतला तेव्हाच जुना होता, पण एक दिवस बंद नाही," शेठ कौतुकाने बोलून गेले.

"मग शेठ, आम्ही स्थळं बघणारी माणसं. दिव्यांच्या माळा बघून मुलगा पसंत करत नाही. तुमच्या घरात जो आठ वर्षं सुखाने नांदतोय, त्याचा धाकटा भाऊ असेल तर दाखवा."

आधी शेठची बायको हसली, मग रांगेतली गिऱ्हाइकं. शेठनी आतून धाकटा भाऊ आणला. अठरा हजार.

खोकं घेऊन ऑफिसात तोऱ्यात शिरत ताईंनी क्लार्क सुलभाबाईंना विचारलं, "याची पूजा करायची ना?"

"करा की. खोक्यातून काढायच्या आधी."