घरटी एक बाई

एका गावात एक रीत होती. रस्त्याची डागडुजी असो, सभा असो की बारशाचं जेवण, घरटी एक माणूस गेलं की त्या घराचं कर्तव्य संपलं.

एकदा शाळेत बायकांची तपासणी ठेवली होती. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग गुपचूप वाढतो, पण वेळीच कळला तर टळतो, म्हणून तिशीपुढच्या सगळ्या बायकांनी या, असं नर्सबाई दारोदार सांगून गेली. गावानं मान डोलावली आणि रीतीप्रमाणे घरटी एक बाई पाठवली.

त्यातल्या एका घरात सासू आणि दोन सुना होत्या. थोरलीच्या कित्येक महिने अंगावरून पांढरं जात होतं. उष्णतेचं असेल, असं म्हणून बिचारी धने-जिऱ्याचं पाणी प्यायची आणि कुणाजवळ बोलायची नाही. पण भाकऱ्या तिच्याच हातच्या लागायच्या, त्यामुळे ती चुलीपाशी राहिली आणि सासू गेली.

सासूच्या तपासणीत काही निघालं नाही. ती खुशीत म्हणाली, "चला, आमच्या घराचं झालं."

घरात आणखी कोण आहे, असं नर्सबाईनं विचारलं. दोन सुना आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, "मावशी, तुम्ही गोळी घेतली तर सुनेचा ताप उतरतो का?"

घरी येताच सासूनं सुनांना शाळेत जायला सांगितलं. थोरली आधी लाजली, मग रडत रडत सगळं बोलली. तरीही म्हणाली, भाकऱ्या व्हायच्यात.

सासूनं परात आपल्याकडे ओढली. "माझ्या जाड होतात. खातील गुमान. तू जा."

धाकटी ठणठणीत निघाली. थोरलीला मात्र रोग होण्याआधीची खूण सापडली. तालुक्याच्या दवाखान्यात छोटासा उपचार झाला आणि ती त्याच दिवशी घरी आली.

पुढच्या खेपेला सासू नर्सबाईला म्हणाली, "पण तिला दुखत तर काहीच नव्हतं."

"दुखायला लागल्यावर आणली असती मावशी, तर मला तुमच्याशी असं हसून बोलता आलं नसतं."

सासूला रडू आलं. डोळे पुसून ती उठली आणि थेट शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तुमच्यातली कोण कोण राहिलीय?"

तात्पर्य इतकंच: पंगतीला घरटी एक चालतं, तपासणी मात्र जिची तिनंच करून घ्यावी, आणि दुखण्याची वाट पाहू नये.