पाठीमागचा सूर

"…आणि तो बारावा सूर कुठून येतो, हे तुमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही?" दस्तगीर उस्तादांनी विचारलं.

"सगळ्यांना सांगता येतं, चाचा," हेरंब म्हणाला. "प्रत्येक जण म्हणतो, माझ्या पाठीमागून येतो. घोटाळा तोच आहे."

उस्तादांनी मान वर केली नाही. सतारीच्या घोडीवर त्यांची कानस चालू होती. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी. केसभर जास्त घासली गेली तर सतार घशातून बोलते, कमी घासली तर बोलतच नाही. मिरजेत हे काम उस्तादांसारखं करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. वय शहात्तर.

हेरंब जोगळेकर त्यांच्याकडे तीन वर्षं हेच शिकायला बसला होता. कान तल्लख. उस्ताद तसं कुणाला म्हणत नसत, त्याला एकदा म्हणून गेले. ते त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. आता इथे शिकण्यासारखं काही राहिलं नाही, असं तोंडावर सांगून तो पुण्याला नोकरीला निघून गेला. त्याला आठ वर्षं झाली होती. आज दुपारी तो न कळवता आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, काखेत लॅपटॉप.

"नीट सांग. पहिल्यापासून."

"एक खेळ आहे, चाचा. कॉम्प्युटरवरचा. अथांग म्हणतात त्याला. प्रत्येकाला एक जहाज मिळतं आणि पुढे सगळं आकाश मोकळं. लाखो तारे. त्यात कुठेतरी आम्ही एक रहस्य लपवलंय, एवढंच बनवणाऱ्यांनी सांगितलं. काय, कुठे… काही नाही."

"मग?"

"चौदा महिने शोधलं. देशोदेशीची माणसं. कुणी नकाशे काढले, कुणी वेळा टिपल्या. शेवटी एक ग्रह सापडला. त्याला सूर्यच नाही. नुसता काळोख. आणि त्या काळोखात, रिंगण धरून उभे असलेले अकरा दगड."

कानस थांबली, पुन्हा सुरू झाली.

"एकेका दगडासमोर एकेक जहाज न्यायचं आणि इंजिन बंद करायचं. दगड गुणगुणायला लागतो. प्रत्येकाचा सूर वेगळा. ते सूर मी ओळखले. माझ्यासकट अकरा माणसं मी निवडली. कोण कुठे उभं राहणार ते मी ठरवलं. मी सांगितलं, दिवे बंद, तोंड दगडाकडे, कुणी तसूभर हलायचं नाही. जहाज हललं की सूर तुटतो."

"तू सांगितलंस."

"हो. मीच."

"बरं."

"अकराही सूर लागले. वाटलं, आता काहीतरी उघडेल. काही उघडलं नाही. दगड थांबले… आणि पाठीमागून अजून एक सूर आला. कुणी ओठ मिटून गुणगुणावं तसा. आजवर नऊ वेळा केलं. नऊही वेळा आला. चिली देशात मार्ता म्हणून एक शिक्षिका आहेत. आमच्यातल्याच. त्या म्हणतात, मी आता येणार नाही, मला स्वयंपाकघरातसुद्धा मागे कुणी उभं आहे असं वाटतं. बाकीचे एकमेकांवर संशय घेतायत. गट फुटायला आलाय. आणि मी… मला झोप नाही, चाचा."

"मागे वळून पाहिलंस?"

"घरात?"

"खेळात."



"नाही. वळलं की सूर तुटतो."

"सूर थांबल्यावर?"

"तेव्हाही मीच हलू देत नाही. सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून. नंतर दिवे लावतो तेव्हा मागे काही नसतं. नकाशावरही आमची अकराच जहाजं दिसतात."

"आमची म्हणजे?"

"गटातली. नकाशा गटातलीच जहाजं दाखवतो."

उस्तादांनी कानस खाली ठेवली. भिंतीला टेकवलेली एक तयार सतार ओढून मांडीवर घेतली. एक तार छेडली. सूर खोलीभर पसरला. लगेच त्यांनी त्याच तारेवर तळवा ठेवला.

तार मुकी झाली. सूर चालूच राहिला.

"आता कोण वाजवतंय?"

"तरफा," हेरंब पटकन म्हणाला. वरच्या तारांखाली आणखी बारीक तारा असतात, त्या तरफा. त्यांना कुणी हात लावत नाही. वर त्यांचा सूर लागला की त्या आपल्या आपण बोलतात. हा त्याचा पहिल्या महिन्यातला धडा. "त्या जुळवलेल्याच असतात तशा. म्हणून वरचा सूर लागला की…"



उस्ताद त्याच्याकडे पाहत होते. दुपारपासून पहिल्यांदाच.

"अकरा जण. सुरुवातीपासून हेच अकरा?"

"एक होती," हेरंब म्हणाला.

"कोण?"

"विशाखा टोणपे. लातूरची. जन्मापासून ऐकू येत नाही तिला. फोन स्पीकरजवळ ठेवून खेळते. फोनवर तिला आवाजाच्या रेघा दिसतात. त्या ग्रहावरून जाताना आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. तिला रेघ हललेली दिसली. दगड तिनेच शोधले."

"मग ती कुठे गेली?"

"सूर ठरवत होतो तेव्हा तिने माझी एक चूक काढली. सगळ्यांसमोर. मी लिहिलं…"

"काय लिहिलंस?"

"की जिला ऐकू येत नाही तिने सुरांवर बोलू नये. आणि तिला गटातून काढलं."

बाहेर रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

"चूक होती?"

"चाचा?"

"तिने काढलेली. होती का चूक?"

"…होती. नंतर मी गुपचूप दुरुस्त केली."

"कधीची गोष्ट?"

"सहा आठवडे झाले."

"आणि तो बारावा सूर? तो कधीपासून येतो?"

"तेव्हापासूनच," हेरंब म्हणाला.

उतरत्या दुपारच्या, असरच्या नमाजाची वेळ झाली होती. उस्तादांनी सतार परत भिंतीला टेकवली, गुडघ्यांवर हात देऊन उठले, डोक्यावर टोपी चढवली.

"तुझ्या माणसांना बोलाव. मी आलोच."

हेरंब एकटा राहिला. त्याने सगळ्यांना निरोप धाडले. मार्ताबाईंना तीनदा विनवावं लागलं. शेवटी त्याने लिहिलं, आज मी वळून पाहणार आहे. त्यावर त्या तयार झाल्या. तिकडे नुकतं उजाडत होतं, इकडे खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. लाखेचा वास, भुशाचा थर, दोरीला टांगलेल्या दांड्या. सगळं ओळखीचं. तरी तो दर दोन मिनिटांनी दाराकडे पाहत होता.

उस्ताद परतले तेव्हा अकराही जहाजं आपापल्या जागी उभी होती.

"लावा," हेरंब म्हणाला.

पहिला दगड बोलला. मग दुसरा. एकात एक मिसळत अकरा सूर लागले. लॅपटॉपच्या त्या एवढ्याशा स्पीकरमधूनही अंगावर काटा यावा असे. उस्ताद डोळे मिटून ऐकत होते. मग एकेक दगड थांबत गेला.

शांतता.

आणि तो आला. पाठीमागून.

स्पीकरमधून मार्ताबाईंचा श्वास अडकलेला ऐकू आला.

"वळ," उस्ताद म्हणाले.

"चाचा, सूर…"

"तुटू दे. वळ."

हेरंबने जहाज वळवलं. पडद्यावर काळोखच होता. त्याने दिवा लावला.

रिंगणाच्या ऐन मध्यावर एक लहानसं जुनं जहाज उभं होतं. दिवे बंद, इंजिन बंद. अकरा जणांची पाठ त्याच्याकडे होती, आणि अकरा सूर एकत्र लागले की ते आपसूक बोलत होतं. अंगावर नाव होतं. विशाखा.

एकेक करून बाकीची दहा जहाजं वळली. अकरा दिव्यांचा झोत त्या एका जहाजावर पडला. दर वेळी दिवे लागायच्या आत ते निघून जात असणार. आज ते गेलं नाही.

पडद्यावर अक्षरं उमटली.

'आता इथूनही काढणार?'

हेरंबने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी कानस उचलली होती आणि ते घोडीकडे पाहत होते.

त्याने लिहिलं. सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. 'विशाखा, चूक तू बरोबर काढली होतीस. मी ती दुरुस्त केली आणि कुणाला सांगितलं नाही. दगडही तुझेच. मी बोललो ते बोलायला नको होतं. मला माफ कर.'

मार्ताबाई हळूच काहीतरी म्हणाल्या, दुसरं कुणी खोकलं.

'मी भांडायला नव्हते येत,' अक्षरं आली. 'शोधलं होतं ते पूर्ण झालेलं बघायचं होतं. एवढंच.'

हेरंबने डोळे पुसले. मग एकदम हसला. सहा आठवड्यांचं ओझं खाली पडल्यासारखा. स्पीकरमधून बाकीच्यांचंही हसणं येत होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं.

"सुटलं, चाचा! भूत नाही, काही नाही. बारावी तीच होती."

त्याने तिला परत गटात घेतलं. नकाशावर बारावा ठिपका उमटला. त्याने लिहिलं, 'अकरा आम्ही आणि एक तू. झाले बारा.'

उत्तर लगेच आलं.

'तेरा.'

हसणं थांबलं.

'सगळ्यात खालची रेघ तुम्ही कुणी मोजतच नाही. मला वाटलं, तुम्हाला ऐकू येत असेल.'

"तुम्हाला येतं?" हेरंबने विचारलं. एकेक जण नाही म्हणाला. मार्ताबाई काहीच बोलल्या नाहीत.

'कसली रेघ?' त्याने लिहिलं.

'दगड थांबले तरी ती थांबत नाही. दगड सुरू व्हायच्या आधीपासून असते. पहिल्या आठवड्यात केसाएवढी बारीक होती. आता बोटाएवढी जाड झालीये.'

'म्हणजे आवाज वाढतोय?'

'किंवा जवळ येतोय.'

'मला वाटलं, खेळातलंच आहे काहीतरी,' विशाखा लिहीत होती. 'म्हणून काल खेळ बंद केला. कॉम्प्युटर बंद केला. फोन तसाच टेबलावर होता. रेघ तशीच चालू. फ्रिज असेल म्हणून घराचं मेन स्विच पाडलं. तरी तशीच. आई विचारत होती, काय करतेस. मी काय सांगणार?'

हेरंबने लॅपटॉपचा आवाज बंद केला. कान टवकारले. याच कानांची उस्तादांनी तारीफ केली होती. कुठेतरी सुतार पक्षी टकटक करत होता. गल्लीत कुणीतरी नळाखाली बादली ठेवली. त्यापलीकडे काही नव्हतं.

"काही नाही, चाचा. मला तर काही ऐकू येत नाही."

"ऐकू नकोस," उस्ताद म्हणाले.

त्यांनी त्याचं मनगट धरलं. शेजारी सतारीसाठी आणलेला एक मोठा भोपळा होता. वाळलेला, अजून न कापलेला. त्याला ना दांडी ना तार. त्याच्या पाठीवर त्यांनी हेरंबचा तळवा टेकवला.

भोपळा थरथरत होता.

थरथर थोडीच, पण सारखी. झोपलेल्या जनावराच्या कुशीवर हात ठेवावा तशी.

हेरंबने हात ओढून घेतला. त्याने दुसऱ्या भोपळ्याला हात लावला. तोही. भिंतीला टेकवलेल्या सतारीच्या तारा नुसत्या डोळ्यांनाही पुसट दिसत होत्या. पडद्यावर विशाखाने काहीतरी नवं लिहिलं होतं, मार्ताबाईंनीही लिहिलं होतं, बाकीचेही लिहीत होते. ते वाचायची त्याची हिंमत होईना.

त्याने उस्तादांकडे पाहिलं.

उस्तादांचा हात भोपळ्यावर तसाच होता. चेहऱ्यावर भीती नव्हती. कानही लावलेला नव्हता. दारातून दुपारचं उरलेलं ऊन आत येत होतं आणि दारात कुणी नव्हतं. त्या रिकाम्या दाराकडे पाहून, ओळखीचं माणूस दिसावं तसे, ते थोडे मागे सरले. अंथरलेल्या चटईवर त्यांनी आपली हत्यारं एका बाजूला केली.

चटईच्या मधोमध हेरंब बसला होता. पाय पसरून. दुपारपासून.

"सरक जरा," उस्ताद म्हणाले. "सूर दाराशी आलाय. त्याला बसू दे."