अस्वलिणीची आंबील

मुलांनो, एका डोंगराच्या कुशीत दाट रान होते आणि त्या रानात एक म्हातारी अस्वलीण राहत असे. तिच्या हाताला अशी चव होती, की तिने नुसती भाजी परतली तरी वाघसुद्धा वाट वाकडी करून यायचा! रांधताना ती गुणगुणे, वाढताना हसे. एकदा तळ्यावरचा बगळा तिला म्हणाला, "आजीबाई, वय झाले. जिभेचे चोचले पुरे. मीठमसाला सोडा आणि देवाचे नाव घ्या." स्वतः महाराज दिवसभर मासे मटकावत, ते राहू द्या! भोळ्या अस्वलिणीने मात्र ते मनावर घेतले. चूल विझली. ती नुसता पाला चघळू लागली आणि हळूहळू तिची अन्नावरची वासनाच उडाली.

आठ दिवस पोटात कण नाही. वैद्य घुबडाने नाडी पाहिली आणि मान हलवली. अस्वलिणीची लेक रडून रडून अर्धी झाली. "आता पोथी वाचा," बगळा म्हणाला. वाचता येत होते एकट्या साळू साळिंदरीला, आणि तिच्यापाशी पोथी होती एकच. वनभोजनाला आलेली माणसे पाककृतींचे एक पुस्तक विसरून गेली होती. साळू रोज आंघोळ करून ते चौरंगावर ठेवी आणि भक्तिभावाने एक पान वाची. सारे रान तिला हसे. तेच पुस्तक घेऊन ती अस्वलिणीच्या उशाशी बसली आणि वाचू लागली, "नाचणीचे आंबवलेले पीठ पाण्यात कालवून उकळत्या आधणात सोडावे. गुठळी होऊ देऊ नये. खाली उतरवून ताक घालावे..."

"शिव शिव! हे काय वाचतेस?" बगळा ओरडला.

"महाराज, ज्याने भूक दिली त्याचेच हेही देणे. हे वाचताना माझे हात आपोआप जोडले जातात," साळू म्हणाली आणि पुढे वाचू लागली, "मग ठेचलेला लसूण आणि मीठ घालावे, की आंबील तयार."

तोच अंथरुणातून क्षीण आवाज आला, "आणि जिरे गं? जिरे कोण घालणार? कोणी लिहिले आहे मेले हे!"

सगळे दचकले. लेक धावत सशिणीकडे गेली. तिच्याकडे पीठ आंबवलेले होतेच. चूल पेटली. "ढवळ गं, हात थांबवू नकोस," अस्वलीण पडल्या पडल्या सांगत होती. वाटी समोर आली तेव्हा तिने डोळे मिटून हात जोडले. एक घोट घेतला. मग दुसरा. वाटी रिकामी करून तिने तोंड पुसले आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

"नावे ठेवतेय! म्हणजे माझी आई वाचली गं बाई!" लेकीने साळूला कडकडून मिठी मारली. काटे टोचले, तरी तिने सोडली नाही.

तात्पर्य : अन्नात मन रमणे म्हणजे हावरटपणा नव्हे, प्रेमाने रांधलेला आणि आनंदाने खाल्लेला घास हीसुद्धा देवाची पूजाच आहे.