हिरडगावची पाठमोरी भिंत

हिरडगावच्या चित्रशाळेबद्दल तात्या बोराट्यांइतकं कुणालाच ठाऊक नाही. तात्या स्वतः तिथं पहिल्या दिवशीच्या चहापर्यंत शिकले, ही गोष्ट वेगळी. तरी प्रदर्शनाला पाहुणे आले की त्यांना फिरवायचं काम तात्यांचंच, कारण ते कुणी दिलं नाही तरी ते करतातच.

दारातून आत आलं की पहिली भिंत सगळी पाठींची. कुणाची पदराखालची, कुणाची बंडीतली, कुणाची कुबड आलेली. पाहुणे बावरतात. "तोंडं कुठायत हो यांची?" तात्या घसा खाकरतात आणि सुरू होतात.

फार मागं, म्हणे, ही शाळा तेलाच्या घाण्याच्या पडवीत भरायची. शिकणारे सुतार, शिंपी, दोन लग्नाळू पोरी, असे गावातलेच. पहिल्या प्रदर्शनासाठी मास्तरांनी समोर बसायला गावची सुईण भागूआक्का हिला विचारलं. आक्का लगेच हो म्हणाली. तिची एकुलती लेक द्वारका लग्न होऊन फार लांब जायची होती. आक्काला स्वतःच्या आईचा चेहरा आता आठवत नव्हता. डोळे मिटले तर नुसतं कुंकू दिसायचं. लेकीचं तसं होऊ नये, एवढंच तिच्या मनात. एक चित्र तिच्याबरोबर जाईल, त्यात आपलं तोंड असेल.

आक्का पाटावर बसली. मास्तर समोर बसून गप्पा मारत राहिले, तिला पेंग येऊ नये म्हणून. पण आख्खा वर्ग आक्काच्याच हातावर जन्मलेला. तिच्या तोंडाकडं टक लावून बघायची छाती कुणाची? प्रत्येकानं मनात म्हटलं, तोंड दुसरा कुणीतरी काढील, आणि फळी घेऊन हळूच तिच्या मागं सरकला. मास्तरांना वाटलं, ही काहीतरी नवी रीत असेल. प्रदर्शनाआधी कुणाचं चित्र बघायचं नाही, असा त्यांचा नेम होता. तो त्यांनी मोडला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी आक्का नवं लुगडं नेसून आली आणि भिंतीसमोर थबकली. सगळीकडं एकच म्हातारी, पाठ करून बसलेली. आक्काला काही उमजेना. आपली पाठ कुणी कधी बघितलेली असते?

"ही कोण रे बया?" तिनं शिंप्याला विचारलं.

"तूच की आक्का."

"मी एवढी वाकलेय?"

शिंपी सुताराकडं बघू लागला, सुतार मास्तरांकडं, मास्तर आढ्याकडं. आक्का मटकन खाली बसली. लेक उद्या निघणार, आणि एवढ्या चित्रांत तिला न्यायला आईचं तोंड नाही.

तेवढ्यात द्वारका आली. एकेक चित्र बघत गेली आणि सुताराच्या चित्रापाशी थांबली. त्यात अंबाडा सुटायला आलेला होता आणि मानेवर घाम होता. तिनं ते खिळ्यावरून काढलं आणि छातीशी धरलं.

"अगं, त्यात मी कुठाय?" आक्का म्हणाली.

"सगळा जन्म तू चुलीकडं तोंड करून बसलीस आई. मी मागं. मला तू अशीच दिसायचीस."

आक्कानं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणे, सुताराकडं वळून तिनं विचारलं, की अंबाडा सुटत होता तेव्हा मेल्या सांगायला काय झालं होतं.

आजही या शाळेत नव्या विद्यार्थ्याचं पहिलं चित्र घरच्या माणसाचं असतं, तेही पाठमोरं. खाली नाव घालत नाहीत. घरच्यांनी यायचं, आपलं माणूस ओळखायचं आणि घेऊन जायचं.

"पाठीवरनं आपलं माणूस कधी चुकत नाही बघा," तात्या यंदाही गंभीरपणे म्हणाले.

पाहुण्यांना चहा देता देता तात्यांच्या बायकोनं, अनुसयाकाकूंनी, त्यांच्याकडं वळूनही पाहिलं नाही. "मग परवा बाजारात भाजीची पिशवी माझ्या हातात म्हणून कुठल्या बाईच्या हातात देऊन आलात, तेही सांगा की पाहुण्यांना."