उधाणाच्या वाटेवरची चूल

फार वर्षांपूर्वी, समुद्रावर शिडांशिवाय दुसरं काही चालत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. आडबंदरात आवडाबाय नावाची एक बाई होती. गलबतावर न्यायची शिदोरी करणं हे तिचं काम. खलाशी पाच-पाच महिने पाण्यावर असायचे, आणि तिने मिठात मुरवलेली लिंबं सगळ्यात शेवटपर्यंत टिकायची. तिच्या बरणीतलं लिंबू जिभेला लागलं की निपचित पडलेला खलाशीही उठून शीड ओढायला लागायचा, असं म्हणतात.

गलबत होतं हरबाशेटचं. हा शेट कधी त्यावर चढला नाही. घरी बसून तो ताज्या माशांची आमटी ओरपायचा आणि खलाशांसाठी वखारीच्या तळाचा तांदूळ काढायचा. कुबट, जाळी धरलेला, अळ्या पडलेला. गोणीत वरून दोन ओंजळी चांगला तांदूळ पसरायचा, म्हणजे उघडून बघणाऱ्याला बरं वाटावं. माणसाने माणसाला असं खायला घालावं? मला तर आज सांगतानाही संताप येतो.

एका वर्षी त्याने लिंबांच्या बरण्याही किनाऱ्यावरच ठेवायला लावल्या. का, तर तेवढ्या जागेत आणखी सुपारी मावते म्हणून! गलबत आफ्रिकेला गेलं. आवडाबायचा थोरला भाऊ भिवा त्यावर होता. तिसऱ्या महिन्यात लिंबावाचून त्याच्या हिरड्या सुजल्या, मग दात हलायला लागले, मग त्याला भातही चावेना. परत आलं ते नुसतं त्याचं पागोटं. शेट म्हणाला, समुद्राची हवा मानवली नाही त्याला. हवा म्हणे!

पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ लवू त्याच गलबतावर निघाला. गावात दुसरं गलबत नव्हतं, आणि तिला दुसरा भाऊ उरला नव्हता. आवडाबायने गोणीत कोपरापर्यंत हात घातला. मूठ बाहेर काढून उघडली तर तळव्यावर अळ्या वळवळत होत्या. बरण्या तर याही वर्षी किनाऱ्यावरच पडल्या होत्या.

गलबत वाळूवर टेकलेलं होतं आणि दुपारच्या उधाणात ते ओढून पाण्यात न्यायचं होतं. तिने बरोबर त्याच वाटेवर, गलबताच्या तोंडासमोर तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि त्याच गोणीतला तांदूळ शिजत घातला. आमच्याकडे जळत्या चुलीला कोणी पाय लावत नाही. वर अन्न शिजत असेल तर नाहीच नाही. चौदा खलाशी हातात दोर धरून उभे राहिले, पण एकानेही ओढला नाही.

शेट धावत आला. "गो, चूल काड थंयसून! भरती चुकली तर पंधरा दिवस फुकट जातले!"

"शेटानू, माजो भाव ह्याच तांदळार मेलो," आवडाबाय म्हणाली. "आज तुमी जेवा. ह्यो भात तुमच्या घशाखाली उतरलो, तर माज्या लवूक खुशाल न्हेवा."

शेट हसला. पाणी आलं की चूल आपोआप विझेल, असं त्याला वाटलं. पाणी आलं. ते आवडाबायच्या मागे कमरेएवढं चढलं, पण चुलीभोवतीची हातभर वाळू कोरडीच राहिली, आणि गलबत काही जागचं हललं नाही, असं म्हणतात. भात शिजला. त्याची कुबट वाफ शेटच्या ओटीपर्यंत गेली आणि त्याच्या घरची माणसं नाक धरून बाहेर आली.

उधाण ओसरायची वेळ आली तेव्हा कुठे शेट वाळूवर बसला. पहिला घास त्याने थुंकला.

"गिळा," आवडाबाय म्हणाली.

दुसराही थुंकला. "गिळा." सगळा गाव बघत होता. तिसरा घास त्याने गिळला आणि तिथेच ओकला. मग मान खाली घालूनच तो ओरडला, "वखारीतले नवे तांदूळ आणा! बरण्यो चढवा!"

शेवटची बरणी वर गेल्यावर आवडाबायने स्वतःच्या हाताने चूल विझवली. तोवर अडून राहिलेलं पाणी एकदम आत आलं, आणि कोणी न ओढताच गलबत तरंगलं, असं म्हणतात.

पाच महिन्यांनी चौदाच्या चौदा जण परत आले. लवू खाली उतरला आणि त्याने बहिणीसमोर अख्खी सुपारी दातांनी फोडून दाखवली. तेव्हा ती रडली. भिवासाठीही ती तेव्हाच रडली.

धक्क्याच्या दगडावर आज नाव आहे ते हरबाशेटचं. 'खलाशांचा अन्नदाता' असं कोरलंय! वाचून अंगाचा तिळपापड होतो. पण आता लाँच आल्या, बर्फ आला, तरी आडबंदरात दर वर्षी होड्या पहिल्यांदा समुद्रात जायच्या दिवशी वाळूवर तीन दगड मांडले जातात. खलाशांच्या शिध्यातला मूठभर तांदूळ त्यावर शिजतो, शेजारी मिठातलं एक लिंबू असतं. लाँचचा मालक खाली बसतो. गावातली सगळ्यात म्हातारी बाई समोर उभी राहून म्हणते, "गिळा." मालकाने गिळायचं आणि तोंड उघडून तिला दाखवायचं.

मागे एका मालकाने स्वतः न येता मुकादमाला पाठवलं होतं. बायकांनी त्याला चुलीपुढून उठवलं आणि मालकाला घरून बोलावून आणलं. तोवर सगळ्या लाँच खोळंबल्या, पण एकाही खलाशाने कुरकुर केली नाही. मालकाच्या घशाखाली तो घास उतरल्याशिवाय आडबंदरात कोणी दोर सोडत नाही.