न फाटलेलं कापड

"...पण वीस वर्षं टिकेल असं कापड कोणतं, चाचा?"

लतीफचाचांनी वर पाहिलं नाही. दर्ग्याच्या पायरीवर बसून ते हिरव्या चादरीत अडकलेले वाळके गुलाब वेचत होते.

"कशावर घालायचंय?"

"होडीवर. अप्पांच्या टिटवीवर."

"टिटवी राहील वीस वर्षं?"

"जपली तर राहील की."

"आणि अप्पा?"

मी पिशवीतले कापडाचे तुकडे काढायला लागले. प्रश्न ऐकू आला नाही असं दाखवायला हाताला काम हवं असतं.

लतीफचाचा एकेकाळी तांडेल होते. भर समुद्रात मासेमारीची होडी नेणारे, तिच्यावरच्या सगळ्यांना हुकूम सोडणारे. आता खाडीच्या तोंडावरचा हा दर्गा सांभाळतात. गावातली माणसं त्यांना बाबा म्हणतात आणि लग्नाचे, कोर्टाचे, पोटदुखीचे प्रश्न घेऊन येतात. मी चाचाच म्हणते. दोरीच्या गाठी मी फ्रॉक घालायच्या वयात त्यांच्याकडून शिकले, त्यामुळे स्वतःला त्यांची शिष्या समजते. त्यांनी तसं कधी कबूल केलेलं नाही.

"बोल," चाचा म्हणाले. "काय अडलंय?"

अडलं होतं ते असं. टिटवी म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, शिडाची छोटी लाकडी होडी. दिवाळीनंतर ती खाडीत नांगराला बांधलेली असते. पावसाळ्याच्या तोंडावर तिला ट्रेलरवर चढवून कुंभार्ली घाटातून आमच्या कऱ्हाडच्या घरी न्यायची. मागच्या वर्षी वर निळी ताडपत्री होती. घाटात तिच्यात वारा शिरला. मागचे ट्रकवाले हॉर्न मारत होते, मला वाटलं घाईत आहेत. घरी पोचलो तेव्हा ताडपत्रीच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि त्या चिंध्यांनी फडफडून फडफडून होडीचा रंग खरवडला होता.

जिनं जपायचं, तिनंच सोलून काढलं.

"म्हणून यंदा नीट अभ्यास केलाय," मी म्हणाले.

"केलाच असशील."

"हे बघा. हे जाड पॉलिएस्टर. ताणत नाही, रस्त्याला उत्तम. हे अॅक्रिलिक, उन्हात विटत नाही, आतली वाफ बाहेर सोडतं, पण घासलं की झिजतं. आणि हे रबरासारखं. थेंब आत जाणार नाही. पण आतलं दमटपण बाहेरही जाणार नाही, बुरशी धरेल. शिवाय कापड टिकून उपयोग नाही, दोरा आधी कुजतो. दोराही तसलाच हवा. रस्त्यावर घट्ट बसलं पाहिजे, पाण्यात मधे उंच आणि बाजूंनी सैल. एकाच कापडात हे दोन्ही कसं..."

"तुला सगळं ठाऊक आहे."

"हो, पण ठरत नाहीये."

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईला कापड ठरवता येत नाही. तिला लेकीची शाळाही ठरवता आली नव्हती; शेवटी जिथे जागा उरली होती तिथे घातली.

लेक माझ्या शेजारीच उभी होती. रेणू, चार वर्षांची. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हनुवटीखाली घट्ट बांधलेली टोपी, दोन्ही दंडांवर हवा भरलेले फुगे, गळ्यात शिट्टी. शिट्टी ही माझी कल्पना.

"आई, आजोबा बोलावतायत."

धक्का दर्ग्यावरून दिसतो. अप्पा टिटवीत बसले होते. वैशाखातली मोठी भरती होती, पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलेलं. दोन दिवसांत ट्रेलर येणार होता. रेणूला एकदा टिटवीतून खाडीबाहेरच्या दीपस्तंभापर्यंत न्यायचं, एवढंच अप्पांनी यंदा मागितलं होतं. दिवाळीत मागितलं, संक्रांतीला मागितलं. आज सकाळी मागितलं नाही. नुसतं शीड काढून धुतलं.

अप्पांचा उजवा हात आताशा थरथरतो. सुकाणू धरलं की थांबतो, असं ते म्हणतात. पुढच्या वर्षी सुकाणू धरलं तरी थांबेल का, हे आम्ही दोघंही बोलत नाही.

"येतोच म्हणावं," मी रेणूला म्हणाले. "आधी चाचांशी बोलून घेते."

"पाणी गेलं तर?"

"परत येतं पाणी."

चाचांनी एक गुलाब बाजूच्या सुपात टाकला.

"पोरीला होडीत बसवलंस का कधी?"

"मोठी झाली की. पोहायला तर येऊ दे. होडी तिचीच आहे, चाचा. म्हणून तर कापड चांगलं हवं. ती अठराची होईपर्यंत टिटवी जशीच्या तशी राहिली पाहिजे."

"जशीच्या तशी."

"हो."

"हं..."

आत पिराची कबर उघडी होती. नुकतीच धुतलेली, ओली. गुरुवारी दुपारी सगळ्या चादरी उतरवायच्या, कबर धुवायची आणि पुरती सुकेपर्यंत तिच्यावर काही घालायचं नाही, असा चाचांचा नेम आहे. आधीच्या मुजावरांच्या वेळी चादरीवर चादर चढायची. आता मखमलीची नवी चादर घेऊन लांबून आलेल्या माणसालाही पायरीवर थांबावं लागतं. लोक कुरकुरतात. चाचा त्यांना चहा देतात.

"दगडाला कशाला हवा वारा?" मी विचारलं. खूप वर्षांपासून विचारायचं होतं.

"दगडाला नको."

"मग?"

"मला हवा. खाली काय आहे ते बघून घेतो."

मी हसले. ते हसले नाहीत.

"ऋजू!" धक्क्यावरून अप्पांची हाक आली. "अगं ए ऋजू! पाणी लागलं उतरायला!"

"आले, आले!" मी ओरडले. आणि चाचांना म्हणाले, "बरं, मग यातलं कुठलं?"

चाचांनी तुकड्यांकडे पाहिलंही नाही.

"बांधणार कशी?"

"कडेनं पट्टे. दर वीतभरावर एक. वारा शिरायला जागाच ठेवायची नाही."

"सोडायला किती वेळ?"

"एकटीला... बराच."

"मग संध्याकाळी वाटलं, चल, जरा फिरून येऊ..."

"तसं अचानक कुठे वाटतं हो कुणाला? ठरवूनच जायचं ना."

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. कबरीला वळसा घालून मागच्या खोलीत गेले. लोखंडी ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा दोन्ही हातांवर एक मोठी घडी होती. ती त्यांनी पायरीसमोरच्या फरशीवर उलगडली.

जाड कॅनव्हास. मेण चोळून चोळून मधासारखा रंग आलेला. होडीच्या आकाराचा, पुढे निमुळता, मागे रुंद. कडेला दुहेरी शिवण, पितळी कड्या, प्रत्येक कडीत दोरी. मी वाकून शिवण ओढून पाहिली. एकही टाका सुटला नव्हता. कापड उन्हाकडे धरलं. सुईएवढं भोक नाही.

"किती जुनं आहे?"

"अश्रफ मस्कतला गेला तेव्हाचं."

अश्रफ म्हणजे चाचांचा मुलगा. मी मुलगा असते तर माझी मुंज झाली असती, त्या वयात कधीतरी तो गेला.

"अहो, मग हेच!" मी जवळजवळ ओरडलेच. "हेच तर शोधतेय मी! कुठे मिळालं? कोणी शिवलं?"

"मीच."

"इतकी वर्षं! आणि कुठे म्हणून फाटलं नाही... कुठल्या होडीचं आहे हे?"

"अश्रफच्या."

"तुमच्याकडे अश्रफची होडी होती? मी कधी पाहिली नाही."

"कुणीच नाही पाहिली."

चाचा पुन्हा पायरीवर बसले. सूप मांडीवर घेतलं.

"फणसाच्या लाकडाची बांधली होती. त्यानं एकदा वल्हवली. मग विसा आला. म्हटलं, पोरगा परत येईपर्यंत जपू. हे शिवलं. माडाखाली होडी ओढून ठेवली, हे वर घातलं, बांधलं. रोज संध्याकाळी जायचो. एकेक गाठ तपासायचो. कधी सैल सापडली नाही."

"आणि आत?"

"आत कशाला बघायचं? कापड नवं, गाठी पक्क्या. वरून हात फिरवायचो. वरून चांगली लागायची."

रेणू फरशीवरच्या कॅनव्हासच्या कडेवर उभी होती, बूट घालून. मी तिला मागे ओढलं.

"राहू दे," चाचा म्हणाले.

"मग अश्रफ आला का?"

"आला. अर्धे केस पांढरे करून. पहिल्याच दिवशी म्हणाला, अब्बा, चला, होडी काढू, आज भरती चांगली आहे. मीच गाठी सोडल्या. त्याला हात लावू दिला नाही, घाईत तोडून टाकेल म्हणून."

"आणि...?"

चाचांनी सुपातला एक वाळका गुलाब उचलला. चिमटीत धरला. अगदी हलके दाबला.

चुरा त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर पडला.

"अशी."

...

खाडीवरून वारा आला. आत कबरीचा दगड कडेकडेनं सुकायला लागला होता.

"अश्रफ काय म्हणाला?"

"काही नाही. भला पोरगा आहे. कापडाला हात लावला. म्हणाला, अब्बा, कापड एकदम मस्त राहिलंय." चाचांनी लेंग्यावरचा चुरा झटकला. "रजा संपायच्या आधीच परत गेला. आता फोन करतो. ईदला करतो."

कापडाविषयी मला पुष्कळ बोलता आलं असतं. मेणाचा थर, आत कोंडलेली वाफ, माडाखालची ओल... होडी का कुजली ते मी त्यांना नीट समजावून सांगू शकले असते.

मी गप्प बसले. अभ्यासाचा तेवढाच उपयोग झाला.

"ऋजू!" अप्पांची हाक पुन्हा आली. या वेळी हळू, जणू सवय म्हणून मारलेली. वरच्या पायरीखालची शेवाळाची पट्टी उघडी पडली होती. खालची पायरी दिसायला लागली की टिटवी चिखलात बसते. मग आज नाही. मग दोन दिवसांनी ट्रेलर.

"आई," रेणू म्हणाली. मग काहीच म्हणाली नाही. मागायचं थांबवलेल्या माणसाचा चेहरा तिला चार वर्षांतच जमला होता. अप्पांकडून उचलला असावा.

मी कापडाचे तुकडे तिथेच पायरीवर सोडले. रेणूचे बूट काढले. दंडावरचे फुगे राहू दिले; एवढी काही मी एका दुपारीत सुधारणार नाही. पण टोपीचा बंद काचून तिची मान लाल झाली होती. हनुवटीखालची गाठ सोडायला घेतली. माझीच गाठ, चाचांनी शिकवलेली. घामानं ओली होऊन घट्ट बसली होती. सुटेना.

चाचांनी वाकून एका हातानं ती सोडली.

"जा," ते रेणूला म्हणाले.

ती पळाली. अनवाणी, कॅनव्हासवरूनच. धक्क्याकडे.

मी तिच्यामागे निघाले, आणि दोन पावलांवर थबकले. चाचा फरशीवर वाकून कॅनव्हासची घडी घालत होते. कोपऱ्याला कोपरा जुळवून, हळूहळू, झोपलेल्या माणसावरचं पांघरूण सारखं करावं तसे.

"चाचा, हे टाकून का नाही देत?"

त्यांनी घडीवरून हात फिरवला. वरून.

"टाकण्यासारखं काय झालंय त्याला? कापड टिकलं, पोरी... आता याच्याखाली काय ठेवू, ते तेवढं सांग."