गुंजीचा हरभरा मँडोलिनच्या पोटात

मिरजेत एक गल्ली होती. गल्लीत दस्तगीरचाचांचं दुकान होतं. चाचा वाद्यं बनवायचे. लाकूड तासायचे, खर्र खर्र. तारा लावायचे, टिंग टिंग. भिंतीवर थोरला मँडोला टांगलेला. बाकावर धाकटं मँडोलिन. ते अजून पुरं झालं नव्हतं.

बाकाखाली बीळ होतं. बिळात राहायची गुंजी. गुंजी म्हणजे उंदरीण. एवढीश्शी!

गुंजीला एक हरभरा मिळाला. एकच. कालपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. हरभरा तोंडात धरून ती निघाली, टुणुक टुणुक. मँडोलिनवर चढली, टुणुक टुणुक. मँडोलिनच्या पोटाला होती चीर. हरभरा सुटला, गडगड गडगड, आणि चिरेतून आत. टप्प!

गुंजी आत जाईना. डोकं जाईना, नाकसुद्धा जाईना.

मँडोलिनच्या पोटात हरभरा. गुंजीच्या पोटात काही नाही. गुंजीला रडूच आलं.

"मँडोलिनभाऊ, मँडोलिनभाऊ, उलटं हो ना!
हरभरा पडेना, माझं पोट भरेना!"

मँडोलिन म्हणालं, "शिकंज्यानं मला घट्ट धरलंय. तो सुटेना, मी कसं उलटं होऊ?"

गुंजी गेली शिकंज्याकडे, टुणुक टुणुक.

"शिकंजादादा, शिकंजादादा, सूट ना!
मँडोलिन उलटेना,
हरभरा पडेना, माझं पोट भरेना!"

शिकंजा म्हणाला, "मँडोलिनची दांडी सरसानं चिकटवलीय. सरस वाळेना, मी कसा सुटू?"

गुंजी गेली सरसाकडे, टुणुक टुणुक. सरस चिकट. गुंजी जरा लांबच उभी राहिली.

"सरसदादा, सरसदादा, वाळ ना!
शिकंजा सुटेना,
मँडोलिन उलटेना,
हरभरा पडेना, माझं पोट भरेना!"

सरस म्हणाला, "ऊन येईना, मी कसा वाळू?"

ऊन होतं बाहेर, अंगणात. गुंजी दाराखालून गेली, टुणुक टुणुक.

"ऊनबाळा, ऊनबाळा, ये ना!
सरस वाळेना,
शिकंजा सुटेना,
मँडोलिन उलटेना,
हरभरा पडेना, माझं पोट भरेना!"

ऊन म्हणालं, "खिडकी उघडेना, मी कसं येऊ?"

गुंजी गेली खिडकीकडे, टुणुक टुणुक.

"खिडकीबाई, खिडकीबाई, उघड ना!
ऊन येईना,
सरस वाळेना,
शिकंजा सुटेना,
मँडोलिन उलटेना,
हरभरा पडेना, माझं पोट भरेना!"

खिडकी म्हणाली, "मनी मला टेकून झोपलीय. ती उठेना, मी कशी उघडू?"

मनी म्हणजे मांजर! गुंजी गेली, पण टुणुक टुणुक नाही. हळू… हळू… आणि लांबूनच बोलली. खूप लांबून.

"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ ना!
खिडकी उघडेना,
ऊन येईना,
सरस वाळेना,
शिकंजा सुटेना,
मँडोलिन उलटेना,
हरभरा पडेना, माझं पोट भरेना!"

मनीनं एकच डोळा उघडला. "चाचा वाजवतात तेव्हा मी त्यांच्या मांडीवर जाते. चाचा वाजवेनात, मी कशाला उठू?" आणि डोळा मिटला.

गुंजी पळाली चाचांकडे, टुणुक टुणुक टुणुक टुणुक!

"दस्तगीरचाचा, दस्तगीरचाचा, वाजवा ना!
मनी उठेना,
खिडकी उघडेना,
ऊन येईना,
सरस वाळेना,
शिकंजा सुटेना,
मँडोलिन उलटेना,
हरभरा पडेना, माझं पोट भरेना!"

चाचा म्हणाले, "अगं बाळा, तार छेडायला नखी लागते. नखी सापडेना, मी कसं वाजवू?"

"कशी असते नखी?"

"चपटी. तिकोनी. करवंटीची. मीच घासून गुळगुळीत केलीय."

 गुंजीनं शेपटी धरली. शेपटी सोडली.

गुंजीच्या बिळात एक ताटली होती. चपटी. तिकोनी. करवंटीची. गुळगुळीत! परवा बाकाखाली सापडली होती. गुंजीला ती फार फार आवडायची.

गुंजी बिळात गेली. ताटलीकडे बघितलं. ताटली रिकामी. पोटही रिकामं. तिनं ताटली उचलली आणि चाचांपुढे ठेवली.

"चाचा, ही घ्या. मला वाटलं, ताटली आहे."

"हीच की माझी नखी!" चाचा हसले.

चाचांनी थोरला मँडोला काढला. टिंग टिंग, टिंगटिंग टिंग!
मनी उठली, चाचांच्या मांडीवर गेली, घुर्र घुर्र.
खिडकी उघडली, करकर करकर.
ऊन आलं.
सरस वाळू लागला.

सरस वाळायला वेळ लागतो. गुंजी बसली. वाट बघितली. अजून वाट बघितली. पोटात गुडगुड झालं. पुन्हा वाट बघितली.

सरस वाळला!
शिकंजा सुटला, कट्!
मँडोलिन उचललं. खुळ खुळ, खुळ खुळ!

"अरेच्चा! हे काय वाजतंय पोटात?" म्हणत चाचांनी मँडोलिन उलटं केलं.

टप्प! हरभरा खाली.

"चाचा, तो माझा आहे," गुंजी म्हणाली.

"मग घे की! माझी नखी मला, तुझा हरभरा तुला." चाचांनी करवंटीचा एक तुकडा घेतला. घासला, खर्र खर्र. वाटोळा केला. "आणि ही ताटली. वाटोळी आहे. नखी नाही हं ही!"

वाटोळ्या ताटलीत हरभरा ठेवून गुंजीनं खाल्ला. कुटुम कुटुम कुटुम.

आता मँडोलिनच्या पोटात काही नाही. गुंजीच्या पोटात हरभरा!